मानवी ईआरके२ कायनेज: नळीत आहे, पण काम करत नाही

चिमुकली पिपेट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा माझा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

शेजारच्या रसायनशास्त्र विभागातल्या एका मैत्रिणीने काही नवे रेणू बनवले आहेत. ते ईआरके२ या कायनेजला रोखतात का, हे मला पाहायचं आहे. त्यासाठी रिकॉम्बिनंट (म्हणजे दुसऱ्या जीवात जनुक घालून बनवलेलं) मानवी ईआरके२ मागवलं. नळीवर लिहिलंय: मानवी, हिस टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली शेपटी), ई. कोलाय जिवाणूमधून, शुद्धता ९० टक्क्यांच्या वर. १० मायक्रोग्रॅम, १०० मायक्रोलिटरमध्ये.

रिअॅक्शन २५ मायक्रोलिटरची. ईआरके२ १० नॅनोमोलर, एमबीपी (सबस्ट्रेट, म्हणजे ज्यावर फॉस्फेट चढायचं ते प्रथिन) ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलि, एटीपी (फॉस्फेट देणारा रेणू) ५० मायक्रोमोलर, मॅग्नेशियम १० मिलिमोलर, ट्रिस बफर पीएच ७.५, डीटीटी १ मिलिमोलर. ३० अंशांवर ४५ मिनिटं. एटीपीने फॉस्फेट दिलं की एडीपी उरतो, तो ल्युसिफरेज या एन्झाइमच्या उजेडावरून मोजते.

निकाल: एन्झाइम असलेली वेल (प्लेटमधला खळगा) आणि नसलेली वेल, दोन्ही सारख्याच. तीन वेळा केलं. प्रथिन तुटलं असेल म्हणून रिअॅक्शनचं मिश्रण जेलवर (त्यात प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात) चालवलं, तर ४५ किलोडाल्टनच्या मार्करच्या किंचित खाली एकच सुंदर पट्टा आला. म्हणजे प्रथिन शाबूत आहे. मग चुकतंय कुठे?

उणे ऐंशी

ठेवलं कुठे होतं? आपोआप बर्फ वितळवणाऱ्या उणे वीसच्या फ्रीझरमध्ये असेल तर विषय संपला. ते यंत्र थोड्या थोड्या वेळाने आतून गरम होतं. तुमचं कायनेज दिवसभर उठाबशा काढत असतं.

आणि एकच नळी किती वेळा वितळवली? आल्या दिवशी ५-५ मायक्रोलिटरचे वाटे करून थेट उणे ऐंशीत टाकायचे आणि उरलेला वाटा फेकून द्यायचा. तो परत गोठवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो.

चिमुकली पिपेट

उणे ऐंशीतच आहे, वाटेही केलेत. दोनदाच वितळलं असेल.

हळूच डोकावणारा

माझा विषय नाही, पण शीर्षक बघून आत आलो. कायनेज म्हणजे नेमकं काय, दोन ओळींत कोणी सांगेल का? नळीत आहे पण काम करत नाही, हे वर्णन आमच्या कार्यालयातल्या बऱ्याच जणांना लागू पडतं.

जुना जीवरसायनी

:) दोन ओळींत बसवायचा प्रयत्न करतो. एटीपीच्या शेपटीचं टोकाचं फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावर चढवणारं एन्झाइम म्हणजे कायनेज. फॉस्फेट चढलं की त्या प्रथिनाचं वागणं बदलतं, ते जागं होतं, झोपतं किंवा दुसरीकडे जाऊन चिकटतं. पेशीच्या बाहेरचा निरोप आत केंद्रकापर्यंत पोचतो तो बराचसा असाच, एका कायनेजने दुसऱ्याला टोचत. २००२ साली मानवी जनुकसंचातल्या प्रथिन कायनेजांची मोजदाद झाली, ती ५१८ भरली. ईआरके२ त्यातलं एक. पेशीने विभागायचं की नाही, या निर्णयाच्या साखळीतलं ते जवळजवळ शेवटचं कडं आहे. बऱ्याच कर्करोगांत ही साखळी वरच्या टोकाला बिघडलेली असते, म्हणून औषधं शोधणाऱ्यांची नजर तिच्यावर असते.

आता मूळ प्रश्न. चिमुकली पिपेट, तुम्ही नळीवरचं सगळं लिहिलंत, पण मला हवा असलेला एक शब्द त्यात नाही. हे ईआरके२ सक्रिय स्वरूपातलं आहे का?

ईआरके२ ला स्वतःला जागं व्हायला दोन फॉस्फेटं लागतात, एक थ्रिओनिन १८५ वर आणि दुसरं टायरोसिन १८७ वर. मधे एकच अमिनो आम्ल. ही दोन्ही चढवणारं कायनेज म्हणजे एमईके. ई. कोलायमध्ये एमईके नसतं. त्यामुळे जिवाणूत नुसतं ईआरके२ बनवलं तर ते घडी घालून नीट तयार होतं, शुद्धही होतं, जेलवर देखणं दिसतं, आणि गाढ झोपलेलं असतं. जागं आणि झोपलेलं यांच्या कामाच्या वेगात हजारपटीहून जास्त फरक आहे. तुमच्या मोजणीत झोपलेलं ईआरके२ आणि पाणी यांत फरक दिसणारच नाही.

(शोधनिबंध वाचताना एक खाचखळगा: उंदराच्या, म्हणजे रॅटच्या ईआरके२ मध्ये हीच ठिकाणं १८३ आणि १८५ आहेत. आकडा १८५ दिसला तर आधी प्राणी बघा, नाहीतर थ्रिओनिनचं टायरोसिन कराल.)

अळीपालक

+१. जिवाणूत बनवलं म्हणून कायनेज झोपलेलंच असेल असंही नाही, हे जाता जाता सांगतो. पीकेए या कायनेजचा उत्प्रेरक भाग ई. कोलायमध्ये स्वतःवरच फॉस्फेट चढवून घेतो आणि जागाच बाहेर येतो. उलट एबीएल किंवा एसआरसीसारखी टायरोसिन कायनेजं जिवाणूला मानवत नाहीत. ती दिसेल त्याला टोचत सुटतात, जिवाणू आजारतो, हाती काही लागत नाही. त्यावर उपाय म्हणून सोबत एक फॉस्फटेजही बनवायला लावतात, म्हणजे एक चढवतो आणि दुसरा उतरवतो.

एकेटी१ सारखी मोठी, दोन-तीन भागांची कायनेजं मात्र आम्ही एसएफ९ पेशींत बनवतो. या पेशी कुठल्या माहीत आहे? मक्याचं वाटोळं करणाऱ्या लष्करी अळीच्या. तिच्या कोषातल्या अंडाशयाच्या पेशींपासून हा वंश तयार झाला. बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूमध्ये मानवी जनुक घालून तो या पेशींत सोडायचा. शेतात जिच्या नावाने बोटं मोडतात तिच्या पेशी आमच्याकडे २७ अंशांवर लाडात वाढतात.

चिमुकली पिपेट

जीवरसायनी सर, तुमचा प्रतिसाद वाचून माहितीपत्रक पुन्हा उघडलं. तिसऱ्या पानावर आहे: ‘फॉस्फरिलेशन न झालेलं, निष्क्रिय स्वरूप’. नळीच्या चिकटपट्टीवर एवढी जागा नसावी. मी नाव, प्राणी आणि शुद्धता बघून मागणी नोंदवली होती. आता कुणाला तोंड दाखवू?

जुना जीवरसायनी

दाखवा खुशाल. इथल्या निम्म्या लोकांनी हे केलेलं आहे आणि उरलेले खोटं बोलतात. ९० टक्के शुद्धता म्हणजे जेलवर दिसणाऱ्या प्रथिनातलं ९० टक्के तेच आहे, एवढंच. त्यातलं किती जिवंत आहे हे ती सांगत नाही. त्यासाठी विशिष्ट क्रियाशीलता बघायची: दर मिनिटाला, दर मिलिग्रॅममागे किती नॅनोमोल फॉस्फेट चढलं. तो आकडा कुठल्या सबस्ट्रेटवर, किती एटीपीला काढलाय, हेही सोबत असायला हवं. नसेल तर विचारायचं.

नळी फेकू नका. सक्रिय एमईके१ मिळवा आणि घरच्या घरी जागं करा. ईआरके२ १ मायक्रोमोलर, एमईके१ त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढं, एटीपी २०० मायक्रोमोलर, मॅग्नेशियम तुमच्याकडे आहे तेवढंच, ३० अंशांवर तासभर. मग त्यातून सौम्य करून वापरा. एक वेल फक्त एमईके१ ची ठेवायचीच. एमईके तसं फार एकनिष्ठ आहे, ईआरके१ आणि ईआरके२ सोडून बाहेर फारसं बघत नाही, तरी ती वेल नसेल तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत.

उणे ऐंशी

सौम्य करताना नुसत्या बफरमध्ये करू नका. नॅनोमोलरला प्रथिन प्लॅस्टिकला चिकटून बसतं आणि आपण शोधत बसतो. थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलि, घाला. आणि साठवणीच्या द्रावणात ग्लिसरॉल असतं, ते नळीच्या तळाशी बसतं. वरूनच उचललं तर पाणी उचलाल. हलक्या हाताने ढवळा, व्होर्टेक्सवर नाचवू नका.

अजून एक. ट्रिसचा पीएच कुठल्या तापमानाला लावला? ट्रिस थंडीत चढतो. २५ अंशांना ७.५ लावलेला ४ अंशांना ८.१ च्या आसपास जातो. शीतखोलीत लावून ३० अंशांना वापरला तर ७ च्याही खाली याल.

वाचनमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली).

जुना जीवरसायनी

पीएचवरून आठवलं, अवांतर आहे पण राहवत नाही. १९७९ पर्यंत सगळे धरून चालले होते की कायनेजं फॉस्फेट चढवतात ते सेरीनवर नाहीतर थ्रिओनिनवर. साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर विद्युतप्रवाहावर ही फॉस्फो-अमिनो आम्लं वेगळी करत होते. बफर पीएच १.९ चा असायचा. त्यांनी नवा करायचा कंटाळा केला, जुनाच वापरला, आणि त्याचा पीएच उतरून १.७ झाला होता. १.९ ला फॉस्फोटायरोसिन आणि फॉस्फोथ्रिओनिन एकत्र धावतात. १.७ ला वेगळे झाले. एक अनोळखी ठिपका दिसला आणि टायरोसिन कायनेजांचं अख्खं दालन उघडलं. २००१ साली मान्यता मिळालेलं इमॅटिनिब हे औषध त्याच दालनातलं.

याचा अर्थ शिळे बफर वापरा असा नाही. माझ्या शिळ्या बफरांतून आजवर फक्त बुरशी निघाली आहे.

चिमुकली पिपेट

आठवडाभराने आले. वृत्तांत:

सक्रिय एमईके१ शेजारच्या प्रयोगशाळेतून मिळालं, सेरीन २१८ आणि २२२ च्या जागी अॅस्पार्टेट घातलेलं, म्हणजे कायमचं जागं. सरांनी सांगितलं तसं केलं. ट्रिस तपासला, ठीक होता. दोन्ही फॉस्फेटं ओळखणारी अँटिबॉडी लावून ब्लॉट (जेलवरचं प्रथिन ओळखायची चाचणी) केला. एमईके नसलेल्या रांगेत काही नाही, एमईके असलेल्या रांगेत काळाकुट्ट पट्टा. नाचले अक्षरशः.

मग मोजणी केली आणि नाच थांबला. उजेड अगदी किंचित वाढला, पार्श्वभूमीच्या जेमतेम वर. ईआरके२ जागं आहे हे ब्लॉट सांगतोय. मग ते काम का करत नाही?

अळीपालक

बफरमध्ये ईडीटीए आहे का? ते मॅग्नेशियम गिळतं. ईजीटीए असेल तर चालेल, त्याला मॅग्नेशियमची फारशी ओढ नसते.

चिमुकली पिपेट

ईडीटीए नाही. मोजणीचं किटही ठीक आहे, नुसता एडीपी घालून पाहिला तर छान उजेड येतो.

गणितवेडा

मी कायनेजवाला नाही, पण मूळ धागा वाचताना एक गोष्ट खटकली होती. धागा पुढे गेला म्हणून गप्प बसलो. आता सांगतो.

१० नॅनोमोलर, २५ मायक्रोलिटर. म्हणजे पाव पिकोमोल. ईआरके२ साधारण ४२ किलोडाल्टन धरलं तर १०.५ नॅनोग्रॅम. जेलवरच्या कूमासी रंगाने एवढंसं दिसत नाही, निदान ५० नॅनोग्रॅम तरी लागतं. एमबीपी मात्र ०.२ गुणिले २५, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम.

तर मग ४५ च्या खाली दिसलेला तो ‘एकच सुंदर पट्टा’ कुणाचा?

सातवा हिस्टिडिन

अरे देवा.

गणितवेड्यांना साष्टांग दंडवत. चिमुकली पिपेट, मायलिन बेसिक प्रोटीन १८ किलोडाल्टनच्या आसपास धावायला हवं. तुमच्या जेलवर १८ ला काहीच नव्हतं?

तुमची एमबीपीची नळी नेमकी कुठून आली? कारण जगात एमबीपी दोन आहेत. एक मायलिन बेसिक प्रोटीन, ईआरकेचं नेहमीचं सबस्ट्रेट. दुसरं माल्टोज बाइंडिंग प्रोटीन, ई. कोलायचं स्वतःचं, जे आम्ही टॅग म्हणून प्रथिनांना चिकटवतो. ते दुसरं साधारण ४२ किलोडाल्टनचं असतं. ईआरके२ एवढंच! म्हणून तुम्हाला तो पट्टा ईआरके२ चा वाटला.

चिमुकली पिपेट

फ्रीझरमधल्या जुन्या डब्यातून घेतली होती. झाकणावर ‘एमबीपी, शुद्ध, ५ मिग्रॅ/मिलि’ एवढंच, अक्षर कुणा जुन्या विद्यार्थ्याचं. थांबा, बघून येते.

चिमुकली पिपेट

डब्याच्या आत कागद होता. टॅग कापून वेगळा केल्यावर उरलेलं माल्टोज बाइंडिंग प्रोटीन. मी दीड महिना कायनेजला साखर धरणारं प्रथिन खायला घालत होते.

हळूच डोकावणारा

मला यातलं निम्मंच कळतंय, पण रहस्यकथेसारखं चाललंय. खुनी जेलवर पहिल्याच पानात उभा होता!

सातवा हिस्टिडिन

हसू नका, आमच्याकडेही झालंय, उलट दिशेने. एकाने टॅगचा कंट्रोल म्हणून मायलिनचं एमबीपी वापरलं होतं. आमच्या क्षेत्राला आद्याक्षरांचा रोगच आहे. ईआरके२ चंच बघा: जनुकाचं नाव एमएपीके१, प्रथिनाचं ईआरके२. जनुकात १ आणि प्रथिनात २. एमएपीके३ म्हणजे ईआरके१. ‘ईआरके म्हणजेच एमएपीके’ हे पक्कं डोक्यात ठेवून आकडा तोच टाकला की भलतंच प्रथिन दारात येतं.

टॅगचंही बघून ठेवा. सहा हिस्टिडिनांचा टॅग एक किलोडाल्टनहूनही हलका, जेलवर जाणवतही नाही. जीएसटी टॅग २६ किलोडाल्टनचा, आणि तो जोडीने राहतो, म्हणजे तुमचं कायनेजही जोडीने बांधलं जातं. कोण कोणाला चिकटतं असल्या प्रयोगात यावरून भलते निष्कर्ष निघतात. शिवाय जीएसटीवाल्या नळीत कायनेज वजनाने कमीच असतं, मोलचा हिशेब करताना पूर्ण रेणूचं वजन धरायचं.

चिमुकली पिपेट

खरं मायलिन बेसिक प्रोटीन आणलं, नव्या झाकणावर पूर्ण नाव लिहिलं. आज आकडे आले: एमईकेने जागं केलेलं ईआरके२ पार्श्वभूमीच्या चौदापट. एमईके१ एकटं जवळजवळ शून्य. न जागवलेलं ईआरके२ शून्य. ४५ मिनिटांत वक्र वाकायला लागतो म्हणून आता १५ मिनिटांवर थांबवतेय.

आता मैत्रिणीचे रेणू तपासायचे. ताळ्यासाठी स्टॉरोस्पोरिन हा रोधक वापरू का? ते सगळ्याच कायनेजांना बंद करतं ना?

जुना जीवरसायनी

सगळ्यांना नाही. बहुतेक कायनेजांना नॅनोमोलरमध्ये गप्प करतं, पण ईआरके२ वर ते ढिलं पडतं, मायक्रोमोलर लागतं. ते लावाल आणि पुन्हा ‘काम करत नाही’ म्हणून धागा काढाल. ईआरकेसाठीच बनवलेला रोधक घ्या, उलिक्सर्टिनिब वगैरे. आणि जागवताना उरलेलं एमईके लक्षात ठेवा: तुमचा रेणू एमईकेला रोखत असेल तर इथे फसायला होऊ नये, म्हणून आधी ईआरके२ पूर्ण जागं करून घ्या आणि मगच रेणू घाला.

१५ मिनिटं उत्तम. सबस्ट्रेट दहा टक्क्यांच्या वर खर्च व्हायच्या आत थांबायचं.

गणितवेडा

एटीपी किती ठेवणार? रेणू एटीपीच्याच खोबणीत बसत असेल तर निम्मा रोध करणारी मात्रा एटीपीवर अवलंबून असते. एटीपी त्याच्या केएमएवढा (ज्या मात्रेला एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं तेवढा) ठेवला तर दिसणारी मात्रा खऱ्या रोध स्थिरांकाच्या दुप्पट येते. पेशीत एटीपी काही मिलिमोलर असतो, म्हणजे तिथे तोच रेणू कितीतरी पट दुबळा. चेंग आणि प्रुसॉफ यांनी १९७३ साली हे समीकरण मांडलं. दोन वेगळ्या एटीपींना मोजलंत तर रेणू त्या खोबणीत बसतो का, याचाही अंदाज येईल. चू. भू. द्या. घ्या.

उणे ऐंशी

आणि कायनेज न घालता एक रांग करा. फक्त एडीपी आणि रेणू. तुमची मोजणी शेवटी काजव्याच्या ल्युसिफरेजवर उभी आहे. रेणूने ल्युसिफरेजलाच रोखलं तरी उजेड कमी होतो, आणि आपण कायनेजचा रोधक सापडला म्हणून पेढे वाटतो.

जुना जीवरसायनी

म्हणून मला अजून जुनी पद्धत आवडते. किरणोत्सारी फॉस्फरस ३२ लावलेला एटीपी, फॉस्फोसेल्युलोजचा कागद, धुवा आणि मोजा. कागदावर ऋणभार, मायलिन बेसिक प्रोटीन नावाप्रमाणे बेसिक, घट्ट चिकटतं. एटीपी धुऊन जातो. मधे कोणी काजवा नाही. फक्त १४ दिवसांत निम्मी ताकद उतरते, आणि ढालीमागे उभं राहून काम करायचा आता कुणाला उत्साह नाही, ते योग्यच आहे.

चिमुकली पिपेट

शेवटचा वृत्तांत, मग धागा सोडते.

पाच रेणू. चार निष्प्रभ. पाचव्याने उजेड निम्म्यावर आणला, १० मायक्रोमोलरला. मैत्रीण प्रयोगशाळेत उभीच होती, तिने तिथल्या तिथे फोटो काढला.

ती गेल्यावर उणे ऐंशी यांची रांग केली. कायनेज नाही, मायलिन नाही, फक्त एडीपी आणि पाचवा रेणू. उजेड निम्म्यावर. तोच निम्मा. मग फॉस्फेट चढलेलं मायलिन बेसिक प्रोटीन ओळखणारी अँटिबॉडी लावून पाहिलं, रेणू असला काय नि नसला काय, पट्टा तेवढाच.

ईआरके२ मस्त चाललंय. मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही. तिने तो फोटो सगळीकडे पाठवून झालाय.